डोळ्यांचंही परिमाण



चातुर्मास जवळ आला की आपल्या घराघरांत नियमांची बोलणी सुरू होतात. कुणी हिरव्या पालेभाज्या सोडते, कुणी एखादा रस सोडते, कुणी बाहेरचं खाणं बंद करते. सासूबाई विचारतात, "या वर्षी काय सोडलंस गं?" आणि आपण बोटांवर मोजून सांगतो. जिभेचे नियम आपल्याला पाठ आहेत. पाणी गाळून घ्यायचं, दिवसाउजेडी जेवायचं, कंदमूळ आणायचं नाही, हे कुणी आठवण न करताही आपल्या हातून होतं.

पण दिवसभरात डोळ्यांतून आणि कानांतून आत काय जातं, त्याचा हिशोब आपण ठेवतो का? पाणी आपण दुहेरी कापडातून गाळतो आणि मोबाईलवरचं सगळं मात्र न गाळता पितो. सकाळी णमोकार म्हणून होतो न होतो तोच हात फोनकडे जातो. त्यात कुणाची नवी साडी, कुणाचं नवं स्वयंपाकघर, कुणाची सडपातळ कंबर, कुणाच्या मुलीचं लग्न. पंधरा मिनिटांत आपण पन्नास घरांत डोकावून येतो आणि परत आलो की आपलं घर लहान वाटतं, आपला चेहरा थकलेला वाटतो. घर आणि चेहरा कालचाच असतो. बदललेली असते ती आपली नजर.

आजचा विषय तोच. आपण रोज जे पाहतो, त्यानं आपण स्वतःला कसं पाहायचं हे ठरतं. म्हणून नियम फक्त जिभेला पुरे नाही, डोळ्यांनाही हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, "टीव्हीनं काय होतंय? आपण काय लहान आहोत?" त्यांच्यासाठी एक दूरची पण खरी गोष्ट सांगते. प्रशांत महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथे अंगानं भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची, खाऊनपिऊन सुखी, असं मानलं जायचं. कुणी बारीक झाली तर घरच्यांना काळजी वाटायची. आपल्याकडे नाही का, माहेरपणाला आलेली लेक जरा भरलेली दिसली की आजी म्हणायची, "सासर मानवलं हो पोरीला!" तसंच ते. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 साली टीव्ही आला. ॲन बेकर या अमेरिकन संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये तिथल्या शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा मुली तसं करत असल्याचं सांगत होत्या. आणि आपण जाड आहोत असं कधी ना कधी वाटतं, असं म्हणणाऱ्या मुली शंभरात चौऱ्याहत्तर होत्या. तिथली मुलगी टीव्ही येण्याआधी आईच्या आणि शेजारणीच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघत होती. आता ती मालिकेतल्या नायिकेच्या मापानं स्वतःला मोजू लागली.

आता आपल्या घरी येऊ. गोरेपणाचं वेड आपल्याला टीव्हीनं लावलं असं मी म्हणणार नाही. ते आधीपासून होतं. मुलगी पाहायला आलेली मंडळी रंगाकडे आधी बघायची, हे आपल्या आज्यांनीही सोसलंय. पण त्या वेडाचा रोजचा धंदा झाला तो नंतर. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आली. तिच्या जाहिरातींची गोष्ट वर्षानुवर्षं तीच. सावळी मुलगी खाली मान घालून बसलेली. ट्यूब येते. रंग उजळतो. मग नोकरी मिळते किंवा नवरा मिळतो. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'ॲस्की' या संस्थेला 2014 मध्ये नियमच करावा लागला, की सावळ्या माणसाला दुःखी किंवा कमी दर्जाचं दाखवू नका. 2020 मध्ये कंपनीनं नावातला 'फेअर' शब्द काढला आणि ट्यूब 'ग्लो अँड लव्हली' झाली.

नाव बदललं, चांगलं झालं. पण आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका उघडून बघा. शिक्षण, गोत्र, उंची आणि मग 'वर्ण: गोरा' किंवा 'वर्ण: गव्हाळ'. सावळा शब्द लिहायला आईबापाचा हात धजत नाही. म्हणून सावळ्या मुलीही तिथे गव्हाळच असतात. ट्यूबवरचा शब्द कंपनीनं काढला, पुस्तिकेतला रकाना तर आपल्याच हातात आहे ना? तो काढायला कुणाची परवानगी लागते?

मालिकांचंही तसंच. 2019 मध्ये 'रंग माझा वेगळा' ही मालिका आली. सावळ्या नायिकेची गोष्ट. विषय चांगला होता, घराघरांत पाहिली गेली. पण त्या नायिकेला मेकअपनं सावळं केलेलं होतं. सावळ्या मुलीचं दुःख सांगायचं, पण पडद्यावर सावळी मुलगी नको! घरात बसून बघणाऱ्या सावळ्या पोरीनं यातून काय घ्यायचं?

रंगाचं झालं, तसंच वस्त्राचंही. 2004 साली 'होम मिनिस्टर' सुरू झाला. भाऊजी घरी यायचे, वहिनींचे खेळ व्हायचे आणि जिंकणारीला पैठणी. मला तो कार्यक्रम आवडायचा, खोटं कशाला बोलू? चूल आणि मूल यांत अडकलेल्या बाईचं नाव घेऊन कुणीतरी तिच्या दारात येतंय, यात गोडवा होता. पण बघता बघता पैठणी ही साडी न राहता बाईच्या सुखाचं माप झाली. 2022 मध्ये तर 'महामिनिस्टर' म्हणून अकरा लाखांची पैठणी लावली. आता आपल्या समाजात काय झालं बघा. रेशीम कसं होतं हे आपल्याला माहीत आहे. अळी कोशात असताना कोश उकळतात किंवा उष्णतेनं आतला जीव मारतात, कारण पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. एका साडीमागे असे हजारो कोश. पूजेला रेशमी नेसावं की सुती, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि सुतीकडे वळलेल्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. पण त्याच घरांत लेकीच्या लग्नाच्या याद्यांत पैठणी पहिल्या ओळीत असते. मंदिरात सुती आणि मांडवात पैठणी! यात मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्या गोष्टीचा आपल्या धर्माशी इतका सरळ संबंध आहे, तिथेही रोजच्या पाहण्यानं आपला विचार कसा बाजूला सरतो, एवढंच दाखवायचं आहे.

आणि आता मला जे सगळ्यात जास्त टोचतं ते सांगते. नात्यातली एक मुलगी, चौदा वर्षांची. मागच्या दशलक्षण पर्वात तिनं दहा दिवस एकासन केलं. घरात सगळ्यांना आनंद. एवढीशी पोर, केवढा संयम! मंदिरात बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, स्टेटसला तिचे फोटो लागले. अनंत चतुर्दशी झाली, पर्व संपलं, पण पोरीचं एकासन सुरूच. आई म्हणाली, "भाव आहेत तिचे, होऊ दे." दोन महिन्यांनी केस गळायला लागले, पाळी चुकली, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, की पोरगी सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर उभी राहते. फोनमध्ये कुणीतरी रोज सांगत होतं, की सोळा तास उपाशी राहा, कंबर इतकी होईल. आईला 'एकासन' म्हटलं की ती ओरडत नाही, उलट खूश होते, हे पोरीला समजलं होतं. आता ती बरी आहे, दोन वेळा जेवते. पण ती एकदा मला म्हणाली, "मावशी, मला भूक लागली की आनंद व्हायचा." तो कसला आनंद होता, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे अवमौदर्य आहे, रसपरित्याग आहे, अनशन आहे. बाहेरून बघितलं तर डाएट आणि तप यांत फरक दिसत नाही. ताट दोन्हीकडे रिकामंच. पण दिशा उलटी आहे. तप म्हणजे इच्छेला आवर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शरीराची ओढ कमी व्हावी म्हणून तप. आणि डाएटच्या नावाखाली या पोरी जे करतात, त्यात शरीराशिवाय दुसरं काही मनात उरतच नाही. किती ग्रॅम घटलं, आरशात कशी दिसते, फोटोत हनुवटी कशी येते. उपवास करून देहाचाच जप! तब्येतीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं खाणं कमी करावं, त्यात काही गैर नाही. पण त्याला व्रताचं नाव देऊ नये आणि व्रताला त्याचं रूप येऊ देऊ नये. वाढत्या वयाची मुलगी पर्व संपल्यावरही जेवत नसेल, तर भाव बघत बसू नका, आधी तिच्याशी बोला आणि डॉक्टरांना दाखवा.

आपल्या आचार्यांना माणसाचं मन किती बारकाईनं कळलं होतं बघा. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत. ज्ञानाचा, पूजेचा म्हणजे मानमरातबाचा, कुळाचा, जातीचा, बळाचा, संपत्तीचा, तपाचा आणि शरीराचा. शेवटचे दोन पुन्हा वाचा. तप आणि शरीर. मला दिसते म्हणून अभिमान आणि मी सोडते म्हणून अभिमान, दोघांना एकाच यादीत शेजारी शेजारी बसवलंय. आज एकाच स्टेटसवर दोन्ही दिसतात. आधी मेहंदीचा फोटो, मग पारण्याचा.

माझी यात एक भर आहे, चुकत असेन तर स्वाध्यायाच्या ताईंनी सांगावं. मद म्हणजे फक्त 'मी किती सुंदर' एवढंच नाही. 'मी किती काळी, मी किती जाड' हेही त्याच दोरीचं दुसरं टोक आहे. दोन्हीकडे नजर देहावरच खिळलेली. फुशारकी मारणारी आणि कुढणारी, दोघी आरशासमोरच उभ्या आहेत. पडदा आपल्याला या दोन टोकांत झुलवत ठेवतो, कारण समाधानी बाईला काही विकता येत नाही.

श्वेतांबर आम्नायात मल्लीची कथा आहे. आपण दिगंबर मल्लिनाथ भगवंतांना पुरुषरूपातच मानतो, तो भेद इथे बाजूला ठेवू. कथा ऐकण्यासारखी आहे. मिथिलेची राजकन्या मल्ली इतकी रूपवती, की सहा राजे तिच्यासाठी चालून आले. तिनं आधीच स्वतःसारखी हुबेहूब सोन्याची मूर्ती करवून घेतली होती, आतून पोकळ, डोक्यावर झाकण. रोज जेवताना ती एक घास त्या मूर्तीत टाकायची. राजे आले, मूर्ती बघून भुलले. तिलाच मल्ली समजले. मग तिनं झाकण उघडलं आणि सडलेल्या अन्नाच्या वासानं सगळ्यांनी नाकाला पदर, शेले लावले. ती म्हणाली, की सोन्याच्या मूर्तीची ही गत, तर या हाडामांसाच्या देहाचं काय! राजांचे डोळे उघडले.

मला या कथेत आजचा मोबाईल दिसतो. फिल्टर लावलेला चेहरा म्हणजे ती सोन्याची मूर्ती. फरक एवढाच, की मल्लीनं मूर्ती केली ती लोकांचा भ्रम तोडायला आणि आपल्या पोरी करतात त्या भ्रमात स्वतःच अडकतात. आधी फोटो गोरा करायचा आणि मग खरा चेहरा फोटोसारखा नाही म्हणून रडायचं. 2021 मध्ये फेसबुक कंपनीचे आतले कागद बाहेर आले. त्यांच्याच पाहणीत, शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी शंभरात बत्तीस जणींनी सांगितलं होतं, की इंस्टाग्राममुळे त्यांना आणखी वाईट वाटतं. ज्यांचं दुकान, त्यांच्याच वहीत हे लिहिलेलं होतं.

मग काय, टीव्ही फोडायचा? मोबाईल विहिरीत टाकायचा? मुळीच नाही. 2018 साली श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक झाला तेव्हा गुडघे दुखणाऱ्या कितीतरी आज्यांनी सत्तावन्न फुटांच्या गोमटेश्वराचा अभिषेक घरबसल्या हात जोडून पाहिला. 2020 च्या टाळेबंदीत मंदिरं बंद होती तेव्हा फोनवरच स्वाध्याय चालले. पारस, जिनवाणी या वाहिन्यांवरची प्रवचनं सकाळी कितीतरी स्वयंपाकघरांत ऐकू येतात. सुरी भाजीही चिरते आणि बोटही. म्हणून कुणी सुरी फेकत नाही, नीट धरायला शिकते.

ही नीट धरण्याची रीत आपल्याला नव्यानं शोधायची नाही. अनर्थदंड व्रत आपल्याला माहीत आहे. गरज नसताना, उगाच पदरात पाडून घेतलेलं पाप म्हणजे अनर्थदंड. त्याच्या पाच प्रकारांत एक आहे दुःश्रुती. राग, द्वेष, मद वाढवणारं, मन गढूळ करणारं ऐकत बसणं. रात्री अंथरुणात पडून तासभर परक्यांच्या आयुष्याचे तुकडे बघत राहणं याला मला दुसरा शब्द सापडत नाही. आणि भोगोपभोग परिमाण व्रतात अन्न, वस्त्र, अलंकार, अंगाला लावायची उटणी यांच्याबरोबरच संगीत आणि गीतही मोजलेलं आहे. म्हणजे करमणुकीलाही माप हवं, हे आचार्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. मुदतही आपल्या सोयीनं घ्यायची. आजचा दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू. एकदम जन्मभराचं ओझं कुणी घालत नाही.

तर या चातुर्मासात हिरव्या भाजीबरोबर आणखी काही सुचवते. जमेल तेवढं घ्या.

सकाळी दर्शन किंवा जाप होईपर्यंत फोन हातात घ्यायचा नाही. दिवसाचा पहिला चेहरा भगवंतांचा दिसू दे.

संध्याकाळचं जेवण आपण सूर्यास्ताआधी आटोपतो. डोळ्यांचंही चौविहार करून बघा. ठरावीक वेळेनंतर पडदा बंद. सुरुवातीला पंधरा दिवसच घ्या.

जे पान, जो चेहरा बघितल्यावर दरवेळी आपलं काहीतरी कमी वाटतं, ते बघणं महिनाभर सोडा. रस सोडतो तसं. ज्यांना बघून वाटतं, ते पैसे घेऊन वस्तू दाखवत आहेत का हेही तपासा. 2021 पासून अशा ठिकाणी जाहिरात असल्याचं लिहायचा नियम आहे, तो शब्द कोपऱ्यात बारीक असतो, शोधा.

घरातल्या लहान मुलीच्या तपाचा फोटो लावायचा नाही. तिच्या पाठीवर हात फिरवा, तेवढं पुष्कळ आहे. अनुमोदनेला स्टेटस लागत नाही.

आणि शेवटचं, नियमापेक्षाही महत्त्वाचं. पडदा नंतर येतो, पोरीच्या कानावर आधी आपले शब्द पडतात. हळदीकुंकवाला जमलो की "अगं, किती काळवंडलीस!", "हिचं वजन वाढलंय हं" हे आपण सहज बोलून जातो. पोरी कोपऱ्यात बसून ऐकत असतात. जाहिरातवाल्यांना पैसे मोजून जे करावं लागतं ते आपण फुकटात करतो. भाषासमिती ही काही फक्त मुनींसाठी नाही. बोलण्याआधी क्षणभर थांबायला आपल्यालाही जमेल.

आदिनाथ भगवंतांच्या दोन मुली आपल्याला माहीत आहेत. ब्राह्मीला त्यांनी लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. जिचं नावच सुंदरी, तिची ओळख परंपरेनं तिच्या रूपावरून ठेवली नाही. डोळे कसे होते, रंग कसा होता, हे कुणी विचारत नाही. गणित शिकलेली मुलगी म्हणून ती लक्षात राहिली. आपल्या घरातल्या सुंदरीला आज शाळेतून आल्यावर विचारा, "आज काय नवं शिकलीस गं?" ती सांगायला लागली की हातातला फोन बाजूला ठेवा आणि नीट ऐका.

तुम्ही या वर्षी डोळ्यांचा कोणता नियम घेताय, ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!